प्रजेचा सोफा

भिकाजी मेस्त्रीचा आवाज मोठा होता, याबद्दल मस्कतमध्ये कुणाचंही दुमत नव्हतं. वादी कबीर भागातल्या वर्कशॉपात पत्रा कापायची मशीन चालू असतानाही तो दुसऱ्या टोकाच्या हेल्परला नुसत्या हाकेनं बोलवायचा आणि हेल्पर दचकून हातातलं खाली टाकायचा. एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत तो फोरमन होता, आणि मोठा आवाज म्हणजेच चांगला गळा असं त्याचं प्रामाणिक मत होतं. या मताशी सहमत होणारा दुसरा माणूस देवानं अजून घडवायचा होता.

गावाकडे, कणकवलीजवळच्या त्याच्या वाडीत, भजनाचा बुवा म्हणजे त्याचा सख्खा मेव्हणा तानाजी. मागच्या गणपतीत भिकाजी सुट्टीवर गेला, नवा झब्बा घालून भजनाला बसला आणि पहिल्याच अभंगाला त्यानं असा काही सूर लावला की तानाजीनं पेटी थांबवली. "भावजी," तो अख्ख्या वाडीसमोर म्हणाला, "तुम्ही टाळ वाजवा. तोंड नुसता हलवा." थोड्या वेळानं त्यानं टाळही काढून घेतले. सगळे हसले. प्रभावती, म्हणजे भिकाजीची बायको आणि तानाजीची बहीण, तीही पदर तोंडाला लावून हसली. मेव्हण्याचं हसू भिकाजी एक वेळ विसरला असता. बायकोचं काही केल्या विसरता येत नव्हतं.

म्हणून एकोणीसशे नव्याण्णव साली मंडळानं महाराजांच्या राज्याभिषेकाला सव्वातीनशे वर्षं झाल्याचा सोहळा करायचं ठरवलं, तेव्हा भिकाजीला त्यात देवाचा हात दिसला.

मंडळ म्हणजे तिथल्या मराठी लोकांचं मंडळ. अध्यक्ष उल्हास राजाध्यक्ष, मदिनत सुलतान काबूसच्या उंची वस्तीत व्हिला असलेला कन्सल्टंट इंजिनिअर. आडनावातच अध्यक्षपद असल्यामुळे त्याच्यासमोर निवडणुकीला कुणी उभं राहत नसे. उल्हासनं आपल्या इंग्रज बॉसच्या घरी लंडनमधल्या कुठल्याशा राज्यारोहणाची फिल्म पाहिली होती. उंच चर्च, पायऱ्यांवर उभे शेकडो गायक, चार-चार पट्ट्यांत एकाच वेळी गाणारे. तो रात्रभर तळमळला म्हणे. सकाळी उठून त्यानं कमिटीची बैठक बोलावली.

"आपल्या राजाला काय कमी होतं?" त्यानं विचारलं. "आपण रायगडावरचं संगीत रीक्रिएट करायचं. एकदम ऑथेंटिक. आणि चार भागांत कोरस."

रायगडावर त्या दिवशी नेमकं काय वाजलं, कुणी काय गायलं, हे तिथं बसलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसलेल्या गोष्टीवर मराठी माणूस जितक्या जोरात भांडतो तितका ठाऊक असलेल्या गोष्टीवर भांडत नाही. नगारे हवेत, इथं एकमत झालं. सनई म्हणताच पुणे आणि नागपूर वेगळे झाले. शेवटी ठरलं ते असं: आधी वेदमंत्र, मग उल्हासची बायको यशश्री हिनं बांधलेलं अभिषेकगीत, मग तुताऱ्या, मग ललकारी, आणि ललकारी संपली की समोरच्या प्रजेनं एकमुखानं 'जय' म्हणायचं. महाराजांचं सोंग कुणी घ्यायचं नाही, हेही ठरलं. एक तर ती योग्यता कुणाची नाही, आणि दुसरं म्हणजे कमिटीतल्या सगळ्यांनाच ती आपली वाटत होती. त्यापेक्षा सिंहासनावर नुसता जिरेटोप ठेवायचा.

आता सिंहासन, छत्र, तुताऱ्या आणि कोरसला उभं राहायला पायऱ्या हे सगळं मस्कतमध्ये कोण करणार? उल्हास स्वतः गाडी काढून वादी कबीरला आला.

"भिकाजी, हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

"करतो साहेब. पण मला गायचंय."

"शुअर, शुअर!" उल्हास म्हणाला. गरजेच्या वेळी माणूस कशालाही शुअर म्हणतो.

त्याच संध्याकाळी भिकाजीनं टेलिफोन कार्ड घेतलं आणि बूथवरून वाडीतल्या दुकानात फोन लावला. प्रभावतीला बोलवायला पोर धावलं. "गो, मी राज्याभिषेकात गातलंय," त्यानं सांगितलं. "व्हिडिओ निघतलो. कॅसेट धाडतंय. तुज्या भावाक सांग, अंगणात टीव्ही लाव म्हणान." तिकडे फोनभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. खरं तर भिकाजीला फोनची तशी गरज नव्हती.

मग त्यानं जीव ओतून काम केलं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं सिंहासन, त्यावर सोनेरी रंग. मत्रहच्या बाजारातल्या शरीफनं मखमल दिली. शरीफ मूळचा रत्नागिरीचा, तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, आणि भिकाजीचा जुना दोस्त. त्याची बायको जोहरा कोरसमध्ये होती आणि तिचा आवाज खरोखर सुरेल होता. अख्ख्या कोरसमध्ये असं म्हणता येईल अशी ती आणि आणखी दोघी-तिघी. तुताऱ्याही झाल्या. दिसायला अशा की बघणाऱ्यानं मुजराच करावा. फुंकल्या की मात्र एसीतून येते तशी हवा यायची. आयुष्यभर हवा आवाज न करता कशी जाईल हेच बघितलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार?

"तुतारीचं काय करायचं?" उल्हासनं कपाळाला हात लावला.

"आमचा खमीस आहे की," भिकाजी म्हणाला.

खमीस त्यांच्या कंपनीचा ओमानी स्टोअरकीपर. त्याआधी सैन्याच्या बँडात तो बॅगपाइप वाजवायचा. निवृत्त होताना वाद्य घेऊन आला होता आणि दुपारी जेवल्यावर गोदामात पिशवी काखेत धरून फुंकत बसायचा. उल्हासला आधी घाम फुटला. मग तोच कमिटीला म्हणाला, "बघा, लंडनच्या फिल्ममध्येही असलंच काहीतरी होतं." रायगडाचा प्रश्न असा लंडनमार्गे सुटला.

तालमी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी उल्हासच्या दिवाणखान्यात. यशश्री गाण्यातली जाणकार. सांगलीला गुरूंकडे शिकलेली, मस्कतला येऊन मुलांच्या वाढदिवसांना गाणारी. तिला निवडक सोळा गळे हवे होते. पण एका कमिटी मेंबरची बायको घेतली की दुसऱ्याची राहते, आणि राहिलेलीचा नवरा हॉलचं बुकिंग बघणारा असतो. गळे साठ झाले, मग शंभरावर गेले. पट्ट्यांची वाटणीही तशीच झाली. खर्जात गायला कुणी तयार होईना, कारण खर्जवाल्यांना मागच्या रांगेत उभं करणार होते आणि मागची रांग व्हिडिओत येत नाही. शेवटी मागच्या रांगेत ज्युनिअर लोक गेले आणि पुढच्या रांगेत मॅनेजर. पोरंबाळं मध्ये. पोरांना देवनागरी वाचायचा कंटाळा, म्हणून त्यांच्यासाठी गाणं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, आणि तालीम संपली की ती आपसात इंग्रजीत भांडत.

भिकाजी शेवटच्या रांगेत, अगदी भिंतीला टेकून उभा राहायचा. जागेबद्दल त्याची तक्रार नव्हती. पहिल्याच तालमीला त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि सूर लावला.

यशश्रीनं पेटी थांबवली. "कुणीतरी वेगळा सूर लावतंय," ती म्हणाली.

बेसूर होते तेवढे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भिकाजीनं जोहराला सोडायला आलेल्या शरीफकडे बघितलं. शरीफनं खाली बघितलं.

तसं पाहिलं तर खजिनदारांची बायको अर्धा सूर खाली गायची. सेक्रेटरी सगळ्यांच्या एक ओळ पुढे असायचे, कारण त्यांना ऑफिसातही तशीच घाई. पण ते बेसूरपण हळू आवाजातलं होतं, आणि शिवाय पदसिद्ध होतं. भिकाजीला ना पद होतं ना हळू आवाज. तिसऱ्या शुक्रवारी उल्हासनं त्याला चहाचा कप हातात देऊन बागेत नेलं.

"भिकाजी, तुला एक स्पेशल रिस्पॉन्सिबिलिटी द्यायचीय."

"काय साहेब?"

"प्रजा."

"म्हणजे?"

"अरे, राज्याभिषेकाला प्रजा नको का? ललकारीला 'जय' म्हणणारं समोर कुणीतरी पाहिजे ना? तू प्रजेचा लीडर. स्टेजवर शंभर जण गातील, पण प्रजा..."

भिकाजी पत्र्याचा माणूस होता, पण पत्र्यावर चढवलेला सोनेरी रंग त्याला ओळखता येत होता. कप त्यानं तसाच कठड्यावर ठेवला. "साहेब, पायऱ्या मी केल्या," तो म्हणाला, आणि आवाज त्याचाच असल्यानं आतली तालीम थांबली. "सिंहासन मी केलं. त्या पायऱ्यांवर उभं राहायला मीच नको?"

आतून कुणी बाहेर आलं नाही. खिडकीचा पडदा मात्र हलला.

संध्याकाळी तो शरीफच्या दुकानात जाऊन बसला. "पायऱ्यांचे नटबोल्ट काढून आणतो," म्हणाला. "पडू देत सगळे खाली."

"वरच्या पायरीवर जोहरा हाय," शरीफ म्हणाला. "आणि खाली स्टेजवर मीपण. मला दरबारी केलाय. अष्टप्रधान आठाचे अकरा झाले, तरी मंडळी उरली, म्हणून दरबारी."

"तूपण?"

"मखमल माझी ना. नाही म्हणू देईनात." शरीफला वाईट वाटत होतं, त्यानं दोनदा चहा मागवला. "गावाला सांगून टाक, घशाला झालंय म्हणून. खलास."

पण भिकाजीच्या घशाला काही झालंय यावर वाडीत कोण विश्वास ठेवणार? त्यानं फोन केलाच नाही. तिकडे तानाजीनं कणकवलीहून व्हिडिओ प्लेअर भाड्यानं आणायचं ठरवलं होतं. भिकाजीला जेवण जाईना. हरलो याचं त्याला फार नव्हतं, आपली फजिती बघायला आपणच गाव गोळा केलं याचं होतं. शेवटी त्यानं जितेशला गाठलं. जितेश वर्कशॉपचा ड्राफ्ट्समन, गोरेगावचा पोरगा, शूटिंगची कामंही करायचा, आणि सोहळ्याचं शूटिंग त्याच्याकडेच होतं.

"एकदा तरी मला घे रे त्यात. पायरीपाशी उभा राहतो, पडद्याआडून थोडा बाहेर."

"स्टेजवर कसं घेऊ, मेस्त्री? साहेबांनी फ्रेम ठरवून दिलीय. स्टेज, मग ऑडियन्सचे चेहरे, मग स्टेज. टीव्हीवर दाखवतात तसं. तुम्ही समोर बसा, बघतो काय जमतंय."

जूनचा पहिला शुक्रवार उजाडला. बाहेर अशी उष्णता की गाडीच्या दाराला हात लावला की हात मागे यावा. भिकाजी दुपारपासून हॉलमध्ये होता, बोल्ट आवळत. सहा वाजता मंडळी यायला लागली आणि आली की थेट मेकअपच्या खोलीत जायला लागली. नऊवारी, फेटे, अंगरखे. साडेसहाला उल्हासनं पडद्याच्या फटीतून हॉलमध्ये डोकावलं. सातला परत डोकावलं.

"लोक कुठायत?" त्यानं सेक्रेटरींना विचारलं.

"लोक?" सेक्रेटरी फेटा सावरत म्हणाले. "सगळे आत आहेत."

आणि ते खरंच होतं. मस्कतमधला येऊ शकणारा प्रत्येक मराठी माणूस स्टेजवर होता. ज्यांना कोरसमध्ये घेतलं ते पायऱ्यांवर, न घेतलेले दरबारी, दरबारी न झालेले मावळे, आणि मावळा व्हायला नकार देणारे शाळांना सुट्टी लागल्याबरोबर बायकामुलांना घेऊन भारतात गेलेले. प्रमुख पाहुणे म्हणून उल्हासच्या कंपनीच्या अर्बाबला, म्हणजे ओमानी मालकाला, बोलावलं होतं. त्यानं "इन्शाल्ला" म्हटलं होतं, म्हणजे देवानं आणलं तर येईन. ते ऐकूनही उल्हासनं हॉटेलातून त्याच्यासाठी लाल मखमली, सोनेरी पायांचा सोफा आणवून पहिल्या रांगेच्या पुढे मधोमध ठेवला होता.

समोर पाचशे खुर्च्या. त्यांतल्या एका कडेच्या खुर्चीवर भिकाजी, हाताची घडी घालून. दाराशी हॉलचा पाकिस्तानी वॉचमन, तोही एसीसाठी आलेला.

जितेश कॅमेरा खांद्यावर घेऊन धावत आला. "मेस्त्री, तो सोफा रिकामा कसा दिसतो फ्रेममध्ये. तिथं बसा."

"तो अर्बाबचा हाय."

"अर्बाब येत नाही. यल्ला, चला, बसा!"

भिकाजी बसला. सोफा इतका मऊ की तो आपोआप मागे रेलला आणि त्याचे दोन्ही हात दोन बाजूंच्या मखमलीवर गेले.

पडदा उघडला. समोर पायऱ्यांवर शंभरावर माणसं, त्यांच्यापुढे अकरा प्रधान, त्यांच्यापुढे मावळे, आणि मधे त्याच्याच हातच्या सिंहासनावर जिरेटोप. सगळ्यांनी हॉलकडे बघितलं आणि सगळ्यांना एकच माणूस दिसला. मंत्र सुरू झाले. मंत्र बरे झाले, कारण ते कॅसेटवरचे होते. मग अभिषेकगीत. पुढची रांग वरच्या पट्टीत निघाली आणि मधली पोरं आपल्याच पट्टीत. सेक्रेटरी सगळ्यांच्या आधी शेवटाला पोचले आणि तिथं थांबून राहिले. जोहराचा सूर त्या गर्दीतून एकदाच वर आला, तेव्हा यशश्रीनं डोळे मिटून घेतले. तिचं तेवढंच सुख होतं आणि ते तिला मिळालं. खमीसनं पिशवी फुगवली आणि हॉल दणाणला. प्रत्येक कडव्यानंतर जितेश इमानानं कॅमेरा प्रेक्षकांकडे वळवत होता. कधी समोरून, कधी डावीकडून, कधी अगदी जवळून. प्रेक्षक दर वेळी भिकाजीच होता.

मग जिरेटोपावर अक्षता पडल्या, छत्र उघडलं, आणि उल्हासनं स्वतः ललकारी दिली. चांगली दिली, खोटं कशाला बोला. शेवटचा शब्द संपला आणि सगळे प्रजेच्या 'जय'साठी थांबले.

हॉलमध्ये एसीचा आवाज तेवढा येत होता.

भिकाजीनं ओठ घट्ट मिटले होते. तोंड उघडायचं नाही, हे त्यानं घरूनच ठरवून आणलं होतं. उल्हासनं ललकारीचा शेवट पुन्हा म्हटला. स्टेजवरची लहान पोरं चुळबुळायला लागली. पेटीपाशी बसलेल्या यशश्रीनं भिकाजीकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले. तिचे हात बघून मागच्या रांगेतल्या कुणीतरी जोडले, मग शरीफनं, मग कळो न कळो, सगळ्यांनीच.

भिकाजीचं लक्ष जिरेटोपाकडे गेलं. महाराजांनी आपलं काय वाकडं केलंय, असं त्याच्या मनात आलं. तो उठला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "जय!"

माइक नव्हता. गरजही नव्हती. त्या आवाजाला सूर लागत नव्हता, पण जयजयकाराला सूर कोण विचारतो? पाचशे माणसांचं काम त्या एका गळ्यानं केलं. वॉचमन ताठ उभा राहिला. खमीसला ती खूण वाटली आणि त्यानं जे वाजवायला घेतलं ते पडदा पडल्यावरही बराच वेळ थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी जितेशनं कॅसेटची पहिली कॉपी भिकाजीच्या हातात ठेवली. कुडाळचा एक जण त्याच रात्रीच्या विमानानं निघाला होता, आणि वाडीतून दुकानदाराचे दोन निरोप येऊन गेले होते. भिकाजीनं कॅसेट न बघताच देऊन टाकली. जे व्हायचं ते होऊन जाऊ दे, म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी उल्हासच्या घरी कमिटीनं कॅसेट बघितली. भिकाजीलाही बोलावलं होतं; पायऱ्या परत न्यायच्या होत्या. पहिली पाच मिनिटं जो तो आपला चेहरा शोधत होता. मग खजिनदारांची बायको म्हणाली, "हे काय? मी एकदाच, आणि हा कितीदा?"

"साहेबांनीच सांगितलेलं, ऑडियन्स दाखव," जितेश म्हणाला.

मागच्या रांगा अंधारात गेल्या होत्या, पुढच्या रांगेचे चेहरे फेट्यांनी झाकले होते. स्पष्ट दिसत होता तो सोफा, आणि सोफ्यावर भिकाजी. उल्हासनं ते सगळं कापून टाकायला सांगितलं. चहा येईपर्यंत मात्र दोघा-तिघांनी वेगवेगळं कोपऱ्यात गाठून त्याच्या कानात सांगितलं, की पुढच्या वर्षी तब्येतीमुळे गायला जमणार नाही, समोरच कुठंतरी बसू.

भिकाजीला हसू आलं नाही. वाडीनं कॅसेट बघितली असणार. सगळे गाताहेत आणि हा तोंड मिटून बसलाय. तोंड हलवायलासुद्धा कुणी ठेवलं नाही याला, म्हणतील. तो तडक बूथवर गेला आणि नंबर फिरवला.

"बघलास काय गो?" त्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज बारीक झाला होता.

"बघली तर! अख्खी वाडी इल्ली. बसाक जागा नाय," प्रभावती म्हणाली. "पण तुम्ही माका सांगलास कित्याक नाय?"

"काय सांगूचा?"

"ह्याच! मी गातलंय म्हणालास. आणि थय अख्खा मस्कत उभ्यान गाता, आणि तुम्ही समोर लाल सोप्यार! राजा खय दिसाकच नाय, नुसतो टोप. म्हातारी आक्का माका इचारता, 'गो प्रभावती, तुज्या घोवाक राजा केल्यानी काय?' आणि मगे तर सगळे तुमका हात जोडूक लागले. माका रडू इला."

तेवढ्यात तिकडे फोन दुसऱ्या हातात गेला आणि कुणीतरी खाकरलं.

"भावजी, तानाजी बोलतंय."

आता खोटं बोलायला चांगली जागा होती. पण भिकाजीला ते जमेना. "तान्या, तसा काय नाय," तो म्हणाला. "माका कोरसातसून काढल्यानी. आवाज बेसूर म्हणान. बाकी कोण बघूक नव्हता, म्हणान माका सोप्यार बसवल्यानी."



"बेसूर ता आमका ठाऊक आसा," तानाजी म्हणाला. "पण तुम्ही उठून आरडलास ना, तेवा हय अंगणातली सगळी उठान उभी रवली. म्हातारी आक्कापण. तिका धरूक लागला." तो पुन्हा खाकरला. "गणपतीक येवा. भजन झाला की शेवटचो जयजयकार तुमचो. मी बुवांच्या जाग्यार बसान सांगतंय. पण टाळ मात्र मागू नका."

कार्ड संपत आलं होतं. भिकाजी "येतंय" म्हणाला, आणि ते त्यानं असं म्हटलं की रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरचे लोक मान वळवून बघायला लागले.